शुक्रवारचा रस्ता

सबनीस जन्मात कधी इंग्लंडला गेले नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यांना पहिल्यांदा भेटणाऱ्या प्रत्येकाचा हाच घोटाळा व्हायचा. माझाही झाला. रियाधला बँकेच्या कॉम्प्युटर विभागात मी नुकता लागलो होतो. शहरातल्या मलाझ भागात एका जुन्या इमारतीत फ्लॅट मिळाला होता आणि समोरच्या दारावर देवनागरीत ‘सबनीस’ अशी पाटी बघून मी हावरटासारखी बेल वाजवली. चहा येईपर्यंत त्या गृहस्थांनी मला श्रॉपशर नावाच्या इंग्लंडातल्या जिल्ह्यातला एक रस्ता समजावून सांगितला.

“उजव्या हाताला चर्च लागतं. त्याला मनोरा आहे, कळस नाही. तिथून उतार. उतार संपला की दोन्ही बाजूंना झाडाझुडपांचं कुंपण, माणसापेक्षा उंच. रस्ता इतका अरुंद, की समोरून मोटार आली तर एकानं मागं जायचं. पण मोटार येत नाही.”

“किती वर्षं होतात तिकडे?” मी विचारलं.

“कोण, मी?” ते म्हणाले. “मी सांगलीचा.”

ते रस्त्यांचे इंजिनिअर होते. एका सल्लागार कंपनीत बसून रियाधच्या भोवतालचे सहापदरी, आठपदरी रस्ते आखायचे आणि त्यांवरच्या कुब्र्या, म्हणजे उड्डाणपूल, आखायचे. दिवसभर रस्ते रुंद करायचे आणि घरी येऊन अरुंद रस्त्यांवर जीव टाकायचा, असा त्यांचा उलटा कारभार होता. “आठपदरी रस्ता म्हणजे रस्ता नव्हे हो,” ते म्हणायचे, “गाड्या वाहून न्यायचं गटार आहे ते. ज्यावर मध्येच थांबलं तरी मागून कुणी हॉर्न वाजवत नाही, तो रस्ता.”

हे वेड त्यांना लावलं कॉलिननं. कॉलिन हा त्यांच्या ऑफिसातला म्हातारा इंग्रज सर्व्हेअर, श्रॉपशरचा. त्या वर्षांत बॉम्बस्फोटांच्या भीतीनं रियाधमधले गोरे लोक भराभर सामान बांधत होते, त्यांत तोही परत गेला. जाताना आपली सायकल आणि आपल्या जिल्ह्याचे नकाशे सबनीसांना देऊन गेला, आणि जाण्याआधी ते वाचायलाही शिकवून गेला. त्या नकाशांत महामार्ग निळे, मोठे रस्ते लाल, त्याहून लहान ते नारिंगी, आणि शेताशेतांतून, गावागावांतून वळणं घेत जाणारे सगळ्यांत लहान रस्ते पिवळे. सबनीस पिवळ्यांचे भक्त झाले. त्यांचा एकच दंडक होता: “लाल रस्ता ओलांडायचा. त्याच्या संगतीनं चालायचं नाही.”

जेवणाच्या टेबलावर जाड काच होती आणि काचेखाली श्रॉपशर. जेवताना उजवा हात भातात आणि डाव्या हाताचं बोट पिवळ्या रस्त्यावर. त्या बोटाकडे बघत राहावंसं वाटे. चढ आला की त्याचा वेग कमी व्हायचा, उतारावर ते सुटायचं, आणि चौकात दोन्हीकडे बघितल्यासारखं थांबायचं. शैलावहिनी ताटं मांडताना म्हणत, “लोकांच्या घरी टेबलक्लॉथ असतो. आमच्याकडे वरण सांडलं तर इंग्लंडात पूर येतो.” सबनीस हसायचे, पँटमधून शर्टाचं टोक ओढून चष्मा पुसायचे आणि पुन्हा त्या बोटाच्या मागं निघून जायचे.

माझा फॅमिली व्हिसा रखडला होता, त्यामुळं शुक्रवारचं जेवण त्यांच्याकडं. पुढं बायको आली तरी शुक्रवारचा चहा तिथंच ही सवय राहिली. म्हणून त्यांचं बरंचसं मला माहीत झालं.

शुक्रवारी पहाटे सबनीस सायकल चालवायचे. रियाधला सायकल चालवणारा म्हणजे एक तर किराणा पोचवणारा नाही तर वेडा. शहराच्या कडेला तेव्हा मोठमोठे मुखत्तत पडलेले असत, प्लॉट पाडलेल्या ओसाड जमिनी. डांबरी रस्ते तयार, फुटपाथ तयार, दिव्यांचे खांबसुद्धा उभे, फक्त घरं नाहीत आणि माणसं नाहीत. सबनीसांना ही जागा सापडली तेव्हा त्यांना लॉटरी लागल्यासारखं झालं. गाडीत सायकली घालून ते आणि त्यांचा मुलगा अमेय तिथं जायचे, आणि त्या रेताड रस्त्यांवर सबनीस श्रॉपशर खेळायचे. तिसऱ्या खांबाला चर्च. पुढच्या कोपऱ्याला ओढा. गोल चौकात दारूचा गुत्ता, “पण आपण फक्त नाव वाचून पुढं जायचं.”

एकदा मीही गेलो. माझं वजन आणि त्या सायकलचं वय बघता दोघांवरही अन्याय होता. तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. तरुण शिपाई उतरला आणि सबनीसांना न्याहाळून म्हणाला, “सय्यारा खराब?” गाडी बिघडली का? सबनीस म्हणाले, गाडी ती पलीकडे उभी आहे, चांगली आहे. मग सायकल का? आवडते म्हणून. शिपायानं इकामा, राहण्याचा परवाना, मागितला. त्यावर ‘मुहंदिस’, म्हणजे इंजिनिअर, असं वाचल्यावर तर त्याला फारच वाईट वाटलं. इंजिनिअर माणूस आणि ही पाळी! “मिस्कीन,” म्हणजे बिचारा, असं तो पुटपुटला, आणि गाडीतून खजुराचा डबा आणि पाण्याच्या बाटल्या काढून त्यानं सबनीसांच्या हातात दिल्या. सबनीसांनी छातीवर हात ठेवून त्या घेतल्या. परत येताना म्हणाले, “दिलं त्यानं प्रेमानं. माझं दुःख वेगळं आहे हे त्याला कुठं समजावत बसू?” तेव्हा मला वाटलं, ते गंमत करताहेत.

अमेय मागच्या सीटवर कानात गाणी घालून बसला होता. सोळा-सतरा वर्षांचा, उंच, बापासारखाच चष्मा. त्याच्या लहानपणीची कितीतरी वर्षं सबनीस जिझानकडच्या डोंगरांत रस्त्याच्या कामावर होते. महिना-दीड महिन्यानं घरी यायचे, तेव्हा मुलगा झोपलेला असायचा किंवा परीक्षेत असायचा. पुढं रियाधला कायमचे आले तोवर मुलगा घरात इंग्रजीत उत्तरं द्यायला लागला होता. सबनीस विचारणार, “शाळा काय म्हणते?” तो म्हणणार, “फाइन.” संपलं. शुक्रवारची पहाट तेवढी दोघांची. तेव्हासुद्धा बोलणं असं नाहीच. बाप पुढं, मुलगा मागं, आणि मधून मधून “इथून डावीकडे”.

सौदीत आपल्या मुलांची एक ठरलेली ताटातूट असते. बारावी झाली की पोरगं बाहेर जातं. अमेयला मोठ्या शहरात जायचं होतं, मित्र जिथं चालले होते तिथं. कॉलेज निवडताना लोक फी बघतात, कोर्स बघतात. सबनीसांनी नकाशा बघितला. कॉलिनच्या जिल्ह्यात, पिवळ्या रस्त्यांच्या ऐन जाळ्यात एक कॉलेज होतं, कोर्सही बरा होता. अमेय काही बोलला नाही. तो कधी काही बोलायचाच नाही, त्यामुळं ते संमती म्हणून धरलं गेलं. जाताना बापानं त्याला सायकलीसाठी वेगळे पैसे दिले आणि नकाशांचा दुसरा संच मागवून त्याच्या बॅगेत ठेवला.

आणि मग शुक्रवारचा फोन सुरू झाला. इंग्लंडातली सुट्टी रविवारची. शुक्रवारी संध्याकाळी अमेय फोन करायचा, आईशी बोलायचा, आणि मग सबनीस रिसीव्हर घेऊन काचेच्या टेबलाशी बसायचे. गेल्या रविवारी काय झालं ते आधी ऐकायचे. मग येत्या रविवारचा रस्ता सांगायचे. आठवडाभर, ऑफिसातून आल्यावर, जेवताना, ते तोच शोधत असायचे. “हे बघ, स्टेशनच्या मागून निघ. पहिला पिवळा सोडून दे, त्यावर दुधाचे टँकर असणार. दुसरा घे.” मुलगा काहीतरी विचारायचा, हे सांगायचे. कधी कधी अर्धा तास चालायचं. वहिनी माझ्याकडं बघून म्हणायच्या, “बघा, घरात होता तेव्हा दोघांची तोंडं शिवलेली.” त्यांच्या डोळ्यांत पाणी असायचं, पण ते सुखाचं.

त्या पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. फोन झाला, सबनीसांनी रिसीव्हर ठेवला, चष्मा पुसायला घेतला आणि पुसतच राहिले. वहिनी आत भजी तळत होत्या.

“चढ फार होता म्हणाला,” ते हळू आवाजात म्हणाले.

“मग?”

“नदीच्या काठाकाठानं रस्ता आहे तो. चढ कुठून येणार?” त्यांनी बोट ठेवलं. उंचीच्या रेषा दूर दूर होत्या, म्हणजे जमीन सपाट, हे मलाही दिसलं.

“दुसरा कुठला तरी धरला असेल.”

“नाही. गावांची नावं बरोबर सांगितली. मांड्या भरून आल्या म्हणाला.” त्यांनी बोट नकाशावरून उचललं. “तो सायकल चालवत नाही हो. विकलीसुद्धा असेल.”

मी म्हणालो, “मग विचारा ना त्याला सरळ.”

“आणि?” त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेचा मला आजही त्रास होतो. “विचारलं की तो खरं सांगेल. चांगला मुलगा आहे. मग पुढच्या शुक्रवारी काय बोलायचं आम्ही? तुम्ही इतकी वर्षं बघताय, आम्ही दोघं आणखी कशावर बोललोय?” आतून भज्यांची ताटली आली. त्यांनी ती घेतली आणि वहिनींची पाठ वळल्यावर म्हणाले, “हिला नका सांगू.”

मला वाटलं होतं, हे फार दिवस टिकणार नाही. तीन-चार वर्षं टिकलं. अमेयला हळूहळू रंग चढत गेला. मेंढ्या यायला लागल्या, रस्त्याच्या मधोमध उगवलेलं गवत आलं, एका म्हातारीनं फाटकातून बोलावून चहा पाजला. इतकंच नव्हे, तर पोरगं चक्क मराठीत सांगायला लागलं, शब्द अडला तर बापाला विचारून. सबनीस ऐकताना मान डोलवायचे. फोन ठेवल्यावर मला म्हणायचे, “आज मेंढ्या होत्या. वर्णन बरं करतो हल्ली.” एकदा म्हणाले, “कसं का असेना, माझ्यासाठी आठवड्यातून एकदा बसून विचार करतो तो. कुठली फुलं असतील, वारा कुठून असेल. कुणाचा मुलगा इतकं करतो?” हे बोलताना ते हसत होते. मला मात्र तिथं बसवेना.

पदवीदान समारंभ आला. दोघांनी जायचं ठरलं, व्हिसे झाले, सबनीसांच्या पासपोर्टावर कंपनीनं एक्झिट-रीएंट्रीचा, म्हणजे जाऊन परत येण्याच्या परवानगीचा, शिक्काही मारून आणला. आमच्या मराठी मंडळींनी त्यांना भंडावून सोडलं. चर्चच्या दाराची कडी कुठल्या बाजूला आहे हे ज्याला पाठ, तो माणूस अखेर निघाला होता. आणि निघायच्या आठवड्यात ते म्हणाले, कुब्रीच्या कामात घोळ झालाय, कफील, म्हणजे इथला मालक, सोडत नाही. वहिनी एकट्याच गेल्या. मित्र म्हणाले, सबनीस चिक्कू. कुणी म्हणालं, थंडीला घाबरले. वहिनी विमानतळावर एक शब्द बोलल्या नाहीत, इतक्या रागावल्या होत्या.

त्यांना सोडून परत येताना गाडी मी चालवत होतो. आठपदरी रस्ता होता, त्यांनीच आखलेला.

“काम काही अडलेलं नाही,” ते म्हणाले.

“ते कळलं मला.”

“मी गेलो की त्याला मला रस्ते दाखवावे लागतील. एकसुद्धा माहीत नाही त्याला. मला तोंड कसं दाखवणार तो?”

“तुम्हाला बघायचे होते ते रस्ते.”

“बघायचे होते,” ते म्हणाले. “फार बघायचे होते.” मग दिवा हिरवा झाला तरी मी निघालो नाही म्हणून मागून सगळ्यांनी हॉर्न वाजवले.

वहिनी परत आल्या, त्यांनी फोटो दाखवले, टोपी-डगल्यातला अमेय दाखवला. जेवताना सहज म्हणाल्या, “त्याच्या खोलीवर सायकल काही दिसली नाही मला.” सबनीस म्हणाले, “दुरुस्तीला टाकली असेल.” वहिनींनी त्यांच्याकडं जरा जास्त वेळ बघितलं आणि त्यांच्या पानात भात वाढला. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

अमेयला नोकरी लागली ती मोठ्या शहरात, विमा कंपनीत. तरी रविवारी सायकल ट्रेनमध्ये घालून खेड्यांकडं जातो, असं सांगायचा. फोन चालू राहिला.

मग एका दुपारी ऑफिसच्या जिन्यात सबनीसांच्या छातीत कळ आली. हॉस्पिटलात नेलं, जिवावरचं टळलं, पण डॉक्टर म्हणाले हृदय फार दुबळं झालंय, आता काम पुरे. अमेय व्हिजिट व्हिसा काढून आला. दाढी वाढलेली, खांदे रुंद झालेले, पण चष्म्यामागचे डोळे तेच. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा तो बापाच्या पलंगापाशी स्टूल ओढून बसला होता.

“बाबा, मला एक सांगायचंय. ते संडेच्या राइड्सचं. अ‍ॅक्चुअली मी...”

“थांब,” सबनीस म्हणाले. “आधी पाणी दे.”

त्यानं पाणी दिलं. सबनीसांनी ते सावकाश प्यायलं आणि ग्लास परत देताना त्याचं मनगट धरून ठेवलं. “मार्चमध्ये जा तू. तेव्हा कुंपणांना पानं नसतात, लांबपर्यंत दिसतं. उन्हाळ्यात नुसती हिरवी भिंत. मार्चमध्ये बरं.”

“बाबा, पण...”

“दक्षिणेकडचा रस्ता घे. त्यावर कुणी नसतं.” आणि त्यांनी डोळे मिटले. झोप लागलेली नव्हती, हात घट्ट होता.

बाहेर कॉरिडॉरमध्ये अमेय मला म्हणाला, “काका, ही वोंट लेट मी से इट.” मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सबनीसांनी मला विश्वासानं सांगितलं होतं, ते फोडायचा अधिकार माझा नव्हता.

दीड-दोन महिन्यांत त्यांचे फायनल एक्झिटचे, म्हणजे देश कायमचा सोडण्याचे, कागद झाले. घर आवरलं, काचेचं टेबल खालच्या केरळी कुटुंबानं नेलं. विमानतळावर कंपनीनं व्हीलचेअर सांगितली होती, ती त्यांनी नाकारली. काउंटरपाशी पासपोर्ट देण्याआधी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “मी असेपर्यंत त्याला कळू देऊ नका. नंतरही नकोच. आयुष्यभर लाजेल.” मी मान डोलावली. इमिग्रेशनच्या रांगेत ते हळूहळू पुढं सरकत गेले. गुडघे जरा वाकलेले, एक हात वहिनींच्या खांद्यावर. मागून लोक त्यांना ओलांडून जात होते आणि ते प्रत्येकाला वाट करून देत होते. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं.

पावसाळ्याच्या शेवटी सांगलीहून ते गेल्याचा फोन आला.

पुढच्या मार्चमध्ये, एका रविवारी, म्हणजे आमच्या कामाच्या दिवशी, मी बँकेत असताना इंग्लंडचा नंबर वाजला. अमेय होता. वाऱ्याचा आवाज होता आणि तो धापा टाकत होता.

“काका, इथं पूल नाहीये.”

मला काही समजेना. मी खुर्ची सोडून बाहेर जिन्यात आलो.

“मी सायकल घेतली,” तो म्हणाला. “बाबांनी एकदा सांगितलेल्या रस्त्यावर आलोय. मी त्यांना सांगितलं होतं, पुलावर बसून सँडविच खाल्लं, खाली पाणी फार छान होतं. ते म्हणाले होते, वा. काका, इथं पूलच नाही. ओढा सरळ रस्त्यावरून वाहतो. बूट काढून जावं लागतं. आणि नकाशावर तसं लिहिलंय. मी आत्ता उघडून बघितला. स्पष्ट लिहिलंय.”

मी जिन्याच्या पायरीवर बसलो.

“बाबांना माहीत होतं.”

तो विचारत नव्हता. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी हो म्हणालो.

“कधीपासून?”

“पहिल्या हिवाळ्यापासून.”

“मग दर शुक्रवारी नवीन रस्ता कशाला शोधायचे?”

“तू फोन करावास म्हणून.”

पलीकडून नुसता पाण्याचा आवाज येत राहिला. मला वाटलं, फोन चालू ठेवून तो कुठं तरी बसला असेल. मग तो बोलला, आणि बापासारखंच, अगदी हळू आवाजात बोलला.

“काका, मीसुद्धा तेवढ्यासाठीच सांगायचो. नाहीतर त्यांना फोन करून काय बोलायचं, मला माहीत नव्हतं.”